वर म्हणजे खाली

गजाचा पेच ढिला झाला आणि केस सैल पडून तारेवर नुसते लोळायला लागले, तेव्हा तालीम ऐन रंगात होती आणि संथ भागातला बेसचा, म्हणजे माणसापेक्षा उंच त्या थोराड व्हायोलिनचा, उतारा नुकताच सुरू झाला होता. अशा वेळी थांबायचं नसतं. पहिल्या जागेवरचा माणूस थांबला की मागची रांग गडबडते, आणि व्हायोलिनवाल्यांना मान वळवून बघायला निमित्त मिळतं, जे मी त्यांना इतक्या वर्षांत एकदाही मिळू दिलेलं नाही. म्हणून मी गज तारेपासून जेमतेम उचलून धरला आणि चेहरा गंभीर ठेवून तो हवेतच ओढत राहिलो. डावा हात तारांखालच्या पट्टीवर नेहमीसारखा चालू होता. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. माझं सगळं लक्ष त्या सोंगाकडे होतं, रांग कशी वाजतेय याकडे नव्हतं. उतारा संपला, कंडक्टरने काठी खाली केली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बेसवाले, हेच. इतके दिवस मी हेच मागत होतो."

कौतुक झालं की वादक गज समोरच्या कागदाच्या स्टँडवर हलकेच आपटतात, ही आमची टाळी. त्या दिवशी माझ्या मागे कुणीही गज आपटला नाही. माझ्या शेजारी, माझ्याच स्टँडवरून वाजवणाऱ्या चिमणीने एकदम पेन्सिल काढली आणि कागदावर खुणा करायला लागली. त्या ओळीत खूण करण्यासारखं काही नव्हतं. चिमणी माझी विद्यार्थिनी. पहिल्यांदा शिकायला आली तेव्हा इतकी लहानखुरी होती की वाद्याच्या मागे उभी राहिली की तिचे नुसते हात दिसायचे, म्हणून हे नाव पडलं. आता ती दोन मुलांची आई आहे आणि नाव तेच आहे. रांगेतले बाकीचेही माझ्याच हाताखालून गेलेले. म्हणजे ही अख्खी रांग माझी होती, आणि मी वाजवत नव्हतो तेव्हाच ती कंडक्टरला बरोबर वाटली होती. मी पेच घट्ट करायला घेतला तर बोटांना घाम आलेला. कंडक्टरला इतके दिवस जे मिळालं नव्हतं ते नेमकं आज मिळालं, हे आपोआप घडलेलं नाही असं मला वाटलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

या कंडक्टरवर माझा आधीपासूनच विश्वास नाही. तो वयाने माझ्या विद्यार्थ्यांइतका आहे आणि बोलताना फार हसतो. माझ्या आत्याला एकदा सांगितलं होतं, की आत्या, आमच्याकडे कंडक्टर म्हणेल ती पूर्व दिशा, तर तिने विचारलं, कुठल्या बसचा. याच्याकडे बघितलं की मला आत्या आठवते. हाही कधीतरी मला घंटी वाजवून उतरवून देईल असं वाटत राहतं. नव्या मोसमाच्या पहिल्याच कार्यक्रमात तो बेसचा उतारा होता. बाकीचा ऑर्केस्ट्रा गप्प, आणि आम्ही सहाजण एकटे, सगळ्या सभागृहासमोर. इतकी वर्षं व्हायोलिनच्या पायाखालची जमीन होऊन राहिल्यावर आयुष्यात एकदा असं वाजवायला मिळतं. मला त्या दिवशी पहिल्या जागेवर असायचं होतं, आणि मला तिथून काढायचं ठरलंय असा संशय त्या तालमीत आला. चहाच्या वेळी मी पोचलो तेव्हा आमच्या रांगेतले खिडकीपाशी कोंडाळं करून उभे होते. मला बघताच चिमणीने मुलांच्या शाळेचा विषय काढला. विषय काढला हे मला कळलं, कारण त्यातल्या ज्याला मूलबाळ नाही तो सगळ्यात जास्त मान डोलावत होता.

तसा मी संशयी जन्मापासूनच असेन, पण त्याला वळण लावलं ते बेसने. हे वाद्य मी निवडलेलं नाही. मला व्हायोलिन शिकायचं होतं. संगीतशाळेत वडील मला घेऊन गेले, तिथे मास्तरांनी माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं आणि म्हणाले, याला बेस द्या. मला वाटलं, हा माणूस नको असलेलं काहीतरी माझ्या गळ्यात मारतोय. आम्ही ते धूड घरी आणलं तेव्हा शेजाऱ्यांनी वडिलांना विचारलं, नवीन कपाट का. वडील हो म्हणाले, कारण खरं सांगायला त्यांना लाज वाटली असावी. मास्तर नव्या मुलाला शिकवताना दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचे. मला पहिल्यांदा तो अपमान वाटला. नंतर कळलं, ते डोळ्यांनी शिकवायचे. मनगट कुठे मोडलंय, कोपर किती पडलंय, अंगठा कुठे आहे, हे बघायचे आणि बोळे न काढता सांगायचे, की तुझा सूर चढलाय. चढलेलाच असायचा. आणि मग ते म्हणायचे, खाली घे. मी हात जमिनीकडे न्यायचो आणि सूर आणखी चढायचा, मास्तर खो खो हसायचे. बेसमध्ये वर म्हणजे खाली आणि खाली म्हणजे वर. सूर वर न्यायचा तर हात जमिनीकडे सरकवायचा, सूर खाली आणायचा तर हात डोक्याकडे. बेस शिकणारा प्रत्येकजण ही चूक करतो, व्हायोलिन शिकणारा कुणी करत नाही. त्या पहिल्या वर्षात मला असं वाटायला लागलं की माणसं शब्द वापरतात ते आपल्याला उलट्या बाजूला पाठवायलाच. ते वाटणं पूर्ण कधी गेलं नाही.

घरी गेलो तर बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालताना तिला गुणगुणायची सवय होती, लग्नाआधीपासूनची. त्या दुपारी खोलीत नुसता कापड झटकल्याचा आवाज येत होता. मी दारात उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं की बरेच दिवस ती गुणगुणलेली नाही. मध्यंतरी मी तिला एकदोनदा म्हणालो होतो, की तू हल्ली चढं गातेस. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे. मी विद्यार्थ्यांना दिवसभर तेच सांगतो. पण तिने तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि मला ते रुसणं वाटलं नाही, काहीतरी लपवणं वाटलं. मी विचारलं, आज चिमणीचा फोन आला होता का. सहज विचारलं, खडा टाकून बघावा म्हणून. ती घडी मोडून परत घालायला लागली आणि म्हणाली, ती कशाला मला फोन करेल. नाही असं ती म्हणाली नाही. मी ते मनात ठेवून दिलं. मग तिने विचारलं, कानाला थंडी वगैरे लागली आहे का तुमच्या, टीव्हीचा आवाज हल्ली फार मोठा असतो. मी म्हणालो, टीव्हीवरचे लोक हल्ली पुटपुटतात.

संध्याकाळी माझ्याकडे एक दातांचा डॉक्टर शिकायला येतो. सभ्य माणूस, दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून दमलेला, हौसेने बेस वाजवतो. त्याने वाद्याच्या डोक्याला सूर दाखवणारं छोटं यंत्र लावलं होतं, ज्याचा दिवा बरोबर सुराला हिरवा होतो. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि मी म्हणालो, चढतोय, खाली घ्या. त्याने हात डोक्याकडे सरकवला, शहाण्यासारखा, आता तो चुकत नाही. पण मग थांबला आणि दिव्याकडे बघून म्हणाला, आता लाल झाला सर, मघाशी हिरवा होता. मी ते यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, दिव्याला कान नसतात. तारा लावताना मी स्वतः तेच यंत्र वापरतो, सगळेच वापरतात, ऑर्केस्ट्राच्या कलकलाटात दुसरा इलाज नसतो. पण तारा लावणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. शिवाय हल्लीच्या तारांची मला खात्री वाटत नाही. यंत्राप्रमाणे लावून मोकळी तार छेडली तरी ती मला चढी वाटते, बोटं मात्र बरोबर पडतात. आणि मान. माझ्या वाद्याची मान मध्ये दुरुस्तीला दिली होती. परत आली ती वेगळीच. मान जिथे धडाला मिळते तिथे मागून लाकडाचा एक कोपरा असतो, त्याला अंगठा टेकला की पहिलं बोट एका ठरावीक सुरावर आपोआप पडतं. दुरुस्तीनंतर कोपऱ्याला अंगठा टेकवला की तो सूर चढा लागायला लागला. मी दुरुस्तीवाल्याशी कडाक्याचं भांडलो. त्याने मोजून दाखवलं, की काही बदललेलं नाही. मोजणाऱ्याचा हातही त्याचा आणि पट्टीही त्याचीच, म्हणून मी विश्वास ठेवला नाही आणि अंगठा कोपऱ्यापासून जरा वर ठेवायला लागलो. डॉक्टरने त्या संध्याकाळी पुन्हा काही विचारलं नाही. जाताना मात्र त्याने दारात चपला घालायला फार वेळ लावला, आणि मला खात्री पटली की तोही कुणाला तरी काहीतरी सांगणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी कळवलं की मनगट आखडलंय, वाजवत नाही, पण खाली बसून ऐकेन. कंडक्टर लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच. चिमणी माझ्या जागेवर सरकली. मी सभागृहात बाजूच्या खुर्चीवर बसलो, जिथून बेसवाल्यांचे डावे हात स्वच्छ दिसतात. रिकाम्या सभागृहात धुळीचा आणि जुन्या गादीचा वास येतो, आणि आपण प्रेक्षक झालो की आपले हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. मी हातांची घडी घातली. संथ भाग आला. काठी उठली, आमची रांग सुरू झाली, आणि मी खुर्चीत ताठ झालो. चढी वाजत होती. सगळी रांग चढी, एकूण एक. मला जो आनंद झाला तो सांगताना आजही बरं वाटत नाही. सापडले, असं वाटलं. मी नाही तर हे असं वाजवतात, आणि हा बाबा काठी हलवत डोळे मिटून हसतोय, म्हणजे याला सूर कळतच नाही किंवा हा यांना सामील आहे. उतारा संपला. "सुंदर," तो म्हणाला. बाकीच्या ऑर्केस्ट्राने गज आपटले. व्हायोलिनवाल्यांनीसुद्धा. एक माणूस खोटा असू शकतो, सहा असू शकतात, पण व्हायोलिनवाले बेसचं कौतुक खोटं करणार नाहीत, खरंच करत नाहीत तर खोटं कशाला करतील.

त्याने तो उतारा परत घ्यायला लावला. या वेळी मी कानांतून लक्ष काढलं आणि हातांकडे बघितलं, मास्तर बघायचे तसं. माझ्या लक्षात आलं की हे मी कित्येक दिवसांत केलेलं नाही. चिमणीचं मनगट सरळ होतं, कोपर उचललेलं होतं, बोटं गोल होती, सगळं मी शिकवलं तसं, माझ्यापेक्षाही नीट. मग तो सूर आला. तिचा अंगठा लाकडाच्या कोपऱ्याला टेकला, मागच्याचाही टेकला, त्याच्या मागच्याचाही. सगळ्यांचे अंगठे कोपऱ्याला, प्रत्येकाचं वाद्य वेगळं, प्रत्येकाची मान वेगळ्या माणसाने बनवलेली. आणि मला तो सूर चढा ऐकू आला. मी दुरुस्तीवाल्याशी भांडलो होतो. या सगळ्यांच्या दुरुस्तीवाल्यांशी मी भांडू शकत नव्हतो. लाकूड कुणाला सामील होत नाही. यंत्रावरची चढी तार, डॉक्टरचा लाल दिवा, टीव्हीवरचे पुटपुटणारे लोक, आणि घड्या घालताना गप्प झालेली माझी बायको, जी बरोबर गात होती आणि जिला मी तिच्याच घरात गप्प केलं होतं. मला भीती वाटली, आणि तिच्यासाठी फार वाईट वाटलं. पण संशयी माणसाचं डोकं तिथेही थांबत नाही. माझे कान जर उतरलेत, तर मी रांगेत बसून वाजवतो तेव्हा सगळं जुळलेलं कसं ऐकू येतं? एकट्या माझा सूर उतरला असता तर मला इतरांचा चढा ऐकू यायला हवा होता. कधीच आला नाही. रोज, अगदी रोज, रांग माझ्याशी तंतोतंत मिळून वाजायची.

मधली सुट्टी झाली तेव्हा मी चिमणीला वाद्यांच्या खोलीत गाठलं. बाकीचे आत यायला लागले होते, ते दारातच थांबले. ती राळेचा डबा उघडून गजाला घासत होती, गरज नसताना.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने न समजल्यासारखं केलं नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. "गेल्या मोसमात सुरू झालं, सर. आधी थोडंच होतं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"तुम्ही जिथे बोट ठेवाल तिथे आम्ही ठेवतो."

"सगळे?"

"सगळे."

मी दाराकडे बघितलं. दारातल्यांनी जमिनीकडे बघितलं. माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय हा माझा अंदाज शंभर टक्के खरा होता, हे लोक मला संगनमताने, ठरवून, रोज फसवत होते. फक्त ते करत होते ते असं की बरोबर येत असलेला सूर माझ्यासाठी सोडून देत होते, आणि कंडक्टरची बोलणी गुपचूप खात होते. कालच्या दिवशी मी गज हवेत फिरवला तेव्हा माझा सूर त्यांना ऐकू आला नाही आणि पाचही जण न ठरवता आपापल्या जागी परत गेले. कंडक्टर सगळ्या रांगेलाच आळशी समजतो, चिमणी म्हणाली, समजू दे. मी विचारलं, मला सांगावंसं वाटलं नाही का कुणाला. तिने डबा बंद केला. "रांग एक हवी, एकटा बरोबर निघाला तर तोच चुकीचा ऐकू येतो, हे तुम्हीच डोक्यात घातलंत आमच्या," ती म्हणाली. "ते सोडून दुसरं काय करायचं, ते शिकवलं नाहीत." मग तिने सांगितलं की माझ्या बायकोचा फोन येतो अधूनमधून. यांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं तर काय सांगून न्यायचं, असं विचारत असते.

हे सगळं ऐकून दुसऱ्या कुणाचे डोळे भरले असते. माझे भरले, नाही असं नाही, पण डोकं आपलं काम करतच राहिलं. ते म्हणत होतं, हीसुद्धा एक युक्ती असेल. इतकं गोड बोलून माणसाला खाली उतरवणं सोपं पडतं. त्याला वाटतं, आपणच उतरलो. मला कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, माझ्या कानांवर तर नव्हताच, आणि आता मास्तरही नव्हते की ज्यांच्यासमोर हात धरून विचारता येईल. मी दारातल्यांना आत बोलावलं आणि म्हणालो की मनगट बरं आहे, सुट्टीनंतर मी वाजवणार आहे, आणि माझं एकच म्हणणं आहे, आज कुणीही माझ्याबरोबर खाली यायचं नाही. अंगठे कोपऱ्याला. मी काहीही करो. चिमणी नको म्हणाली. मी तिला म्हणालो, मी अजून तुझा मास्तर आहे.

मी माझ्या जागेवर बसलो. वाद्य खांद्याला टेकलं, त्याचा ओळखीचा भार आला, आणि एक क्षण मला वाटलं की हे सगळं मी उगाच वाढवून ठेवलंय. कंडक्टरने मला बघून हसून मान हलवली. काठी उठली. मी गज टेकवला आणि सुरुवात केली, डोळे मिटून, कानांना जिथे बरोबर वाटेल तिथे बोट ठेवत, आयुष्यभर ठेवलं तसं. आणि काय सांगू, फार छान वाजत होतं. खोल, शांत, एकसंध, कुठे खरखर नाही, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मला इतकं हायसं वाटलं. ऐकलं नाही यांनी माझं, आले परत माझ्याबरोबर खाली, असं मनात म्हणत मी डोळे उघडले, तर शेजारी चिमणीचा अंगठा कोपऱ्याला टेकलेला होता. माझा नव्हता. म्हणजे इतका वेळ मी फक्त माझंच वाद्य ऐकत होतो, खांद्यातून अंगात घुमणारं. तिच्या ओठावर घाम होता. तेवढ्यात काठी स्टँडवर वाजली आणि सगळं थांबलं.

कंडक्टर हसत नव्हता. "बेसमध्ये कुणाचा तरी फार उतरतोय," तो म्हणाला. "कुणाचा?"

व्हायोलिनवाल्यांनी माना वळवल्या. माझ्या शेजारी चिमणीने गज वर केला. "माझा," ती म्हणाली. मागून आणखी एक गज वर आला, मग आणखी एक. मी ते बघितले आणि वाद्य जमिनीवर आडवं ठेवून उभा राहिलो, म्हणजे कुणाबद्दल विचारायचं ते त्याला नीट दिसावं.

"त्यांचे बरोबर आहेत," मी म्हणालो. "माझा उतरतोय. आणि मला तो ऐकू येत नाही."